ऐकणारा हवा

म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासं झालं, तर आमच्या भातकुलीत त्याला कोणी आजारी म्हणत नाही. मोतीबिंदू आला की पोरं लगेच अमरावतीला नेतात. गुडघे धरले की तेल येतं, पट्टे येतात. कानाचं तसं नसतं. उलट कान गेलेल्या माणसाला घरात एक वेगळाच मान मिळतो. “बाबाजी आता कशातच नाहीत,” असं पाहुण्यांना सांगितलं जातं. मागच्या अंगणात जावाजावांचं पेटलेलं असतं आणि बाबाजी ओसरीवर जपमाळ घेऊन शांत बसलेले असतात. नवख्याला वाटावं, केवढी ही विरक्ती!

हा मान काही काळ माझ्याही वाट्याला आला. म्हणून विचारतो: ऐकू न येणं आणि ऐकूनही न ढळणं, ही एकच गोष्ट आहे का? वय एकेक इंद्रिय परत मागू लागलं, तर ते मुकाट्यानं देऊन टाकावं, की यंत्र लावून धरून ठेवावं? डॉक्टरांपुरता हा प्रश्नच नसतो. पण ज्याच्या घरात इंद्रियजयाची भाषा लहानपणापासून बोलली गेली, त्याला तो टाळता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गाव मला अजून गुरुजीच म्हणतं. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानं वसवलेलं भोजकट ते हेच, असं इथे परंपरेनं मानतात. जमीन खारपाणपट्ट्यातली, विहिरीचं पाणी मचूळ, पीक कापूस, तूर, मूग. गावाची खरी ओळख म्हणजे आदिनाथांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र. त्यासाठी लांबलांबून लोक येतात. संध्याकाळी मंदिरात आम्ही काही जण स्वाध्यायाला बसतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग शंका-समाधान. वाचायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे असल्यामुळे माझ्या कानांचं कोणाच्या लवकर लक्षात आलं नाही. वाचणाऱ्याला ऐकावं लागत नाही. कोणी शंका काढली की मी मान डोलावून पुढचं सूत्र घेई. लोकांना वाटे, गुरुजींना आपली शंका फारच क्षुल्लक वाटली.

आवाज येत होता, पण उमगत नव्हता. बाजारातून आलेला मुलगा कापसाचा भाव ‘सात हजार’ सांगे की ‘आठ हजार’, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागे. जाड आवाजाचे पुरुष समजत. सून आणि नात समजत नसत. अमरावतीला ऑडिओमेट्री झाली तेव्हा याचं कारण कळलं. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक बारीक सूर ऐकवतात, आणि ऐकू आला की बटण दाबायचं. आलेख हातात आला. डावीकडे म्हणजे खर्जाच्या बाजूला रेघ बरी होती, उजवीकडे उंच सुरांकडे जाताना ती खाली खाली घसरत गेली होती. ऑडिओलॉजिस्ट मुलगी समजावून सांगणारी होती. आतल्या कानात अडीच वेढ्यांचा शंख असतो. त्यात 15,000 च्या आसपास केसांसारख्या पेशी असतात, आणि एकदा गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच सुरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात. वयाबरोबर त्याच आधी जातात. स्वर खर्जात असतात, त्यामुळे आ, ओ, ऊ हे सगळं नीट पोचतं. स, श, ख, थ, फ यांचा जीव उंच सुरांत असतो, ते गळतात. उरतो तो व्यंजनांवाचूनचा नुसता घोळ. कोणी ओरडून बोललं तर घोळ मोठा होतो, शब्द काही जोडला जात नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम सोसवत नाही. म्हणून म्हातारी माणसं आधी “मोठ्यानं बोल” म्हणतात आणि लगेच “ओरडतोस कशाला” म्हणून चिडतात. यात त्यांच्या स्वभावापेक्षा कानाचा दोष जास्त असतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 सालचा अहवाल सांगतो की जगात 43 कोटींहून अधिक माणसांना ऐकण्याच्या अडचणीसाठी मदतीची गरज आहे, आणि 2050 पर्यंत दर चार माणसांमागे एकाच्या कानात काही ना काही उणेपण असेल. सगळ्यांचं कारण एकच नसतं. कोणाचा नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की काम भागतं. कोणाचा कान लहानपणापासून वाहतो. क्षयावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं काहींचा कान घेऊन गेली. जिनिंगची यंत्रं, मळणीयंत्र, वरातीचे डीजे यांनी आमच्या भागात किती कान खाल्ले असतील ते असतीलच. आणि एका कानाचं ऐकणं एकाएकी बंद झालं, तर तो वयाचा भाग समजून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठायचं.

यंत्राला आडवे आले ते दादा. दादा आमच्या स्वाध्यायातले सर्वांत ज्येष्ठ. उमेद होती तोवर जिनिंगमध्ये मुनीम होते, त्यामुळे त्यांचे कान माझ्या आधी गेले. शास्त्र मुखोद्गत. मी यंत्र घेणार म्हटल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, कायले लावता ते? समदं आयकून झालं ना जी आता. कर्मानं दिलं होतं, कर्मच नेऊन रायलं.”

म्हातारपणाची कुरकुर म्हणून मी हे सोडून दिलं नसतं, कारण त्यामागे तीन नीट युक्तिवाद होते. पहिला असा: आपल्याकडे अखेरची साधना म्हणजे काया आणि कषाय, म्हणजे राग-लोभासारखे विकार, दोन्ही हळूहळू क्षीण करत जाणं. शरीर आपणहून एक दार बंद करत असेल तर तो संकेत समजावा. दुसरा: यंत्र हा परिग्रह. एका कानाच्या यंत्राला काही हजारांपासून लाखापर्यंत पैसे पडतात. वर बॅटऱ्या, ओलाव्यापासून जपायची डबी, हरवायची धास्ती. मोह वाढवायला एवढं पुरे. तिसरा: डोळे शाबूत आहेत, ग्रंथ वाचा. पोथी कधी हळू आवाजात बोलत नाही.

दादांचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर मिटतो. वस्तूवरची मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह, असं तत्त्वार्थसूत्रच सांगतं. चष्म्याला कोणी परिग्रह म्हणत नाही. दादांचा चष्मा तर सोनेरी काड्यांचा आहे. पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मोफत मिळतं, आणि अपंगांसाठीची एडिप योजना तर 1981 सालापासून आहे. गावात हे माहीत असणारे मात्र थोडेच.

पहिला मुद्दा जड आहे. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. दिगंबर मुनींचे 28 मूलगुण आहेत: 5 महाव्रतं, 5 समिती, 5 इंद्रियांचा निग्रह, 6 आवश्यकं आणि 7 इतर. त्या पाच इंद्रियांत कान आहे. पण कानाचा निग्रह म्हणजे कान मिटणं, असं कुठेच सांगितलेलं नाही. गोड आवाज आला तरी ओढ वाटू नये, कर्कश आला तरी द्वेष वाटू नये, हा तो निग्रह. म्हणजे आवाज आत यायलाच हवा. मुनींनी सोसायच्या 22 परीषहांत एक आक्रोश परीषह आहे: कोणी शिव्या दिल्या, टोचून बोललं, तरी शांत राहणं. ज्याला शिवी ऐकूच आली नाही, त्यानं हा परीषह जिंकला असं म्हणता येईल का? परीक्षेला न बसलेल्या पोराला मी कधी पास केलं नाही.

दादांचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं तर फार विचित्र जागी येऊन पोचतो माणूस. आपल्या शास्त्रात जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून लावतात. झाडाला एकच इंद्रिय, स्पर्श. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार. पाचवं इंद्रिय म्हणजे कान, तो माणसाला आणि वरच्या काही जीवांना मिळतो. अनेक जन्म चढून आल्यावर सगळ्यांत शेवटी हाती लागतो तो कान. इंद्रिय नसणं हीच साधना असती, तर मंदिरामागचं कडुनिंबाचं झाड मुनिराजांपेक्षा मोठं तपस्वी ठरलं असतं. हे ऐकवल्यावर दादा हसले. हसले म्हणजे त्यांना पूर्ण ऐकू आलं होतं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर तोंड करून सावकाश बोललो होतो.

यंत्र आलं. कानामागे बसणारं, बारीक नळीचं, दोन्ही कानांना. दोन्ही अशासाठी की आवाज कुठून आला हे एका कानाला कळत नाही. बॅटरीवरचं रंगीत स्टिकर काढलं की तिला हवा लागते आणि ती जागी होते. मिनिटभर थांबून मग बसवायची. मंदिराच्या दारात एकानं विचारलं, “यात चामडं त नाई ना जी?” नाही म्हटल्यावर तो बाजूला झाला. वीज म्हणजे अग्निकायिक जीव की काय, आणि साधूंनी ध्वनिक्षेपक वापरावा का, यावर काही जैन परंपरांमध्ये मोठा वाद झालेला आहे. आमच्याकडे तो कोणी उकरला नाही. अभिषेकाच्या वेळी मात्र पाणी लागू नये म्हणून यंत्र काढून डबीत ठेवतो.

काहींना ते दिसू नये असं वाटतं. केसांआड, पागोट्याआड दडवतात. मला भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन आठवतं. पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी घाट बांधून घेतला, लोकांना शहाणं केलं. त्या बाबांच्या एका कानात कवडी असे आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. ज्या जिल्ह्यानं तसे कान पुजले, तिथे करड्या रंगाच्या चिमुकल्या डबीची लाज कशाची?

लाजेपेक्षा अवघड असतं पुढचं. पहिल्या दिवशी जे ऐकू येतं ते नको असलेलं असतं. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची चुरचुर, पिशवीचा कडकडाट, स्वतःच्या चपला. स्वतःचा आवाज माठातून आल्यासारखा. कोणी कानाशी हात नेला की शिट्टी. मंदिरात तर घुमटाखाली प्रत्येक शब्द दुसऱ्यावर चढतो. ऑडिओलॉजिस्टनं बजावलं होतं: आधी शांत घरात थोडे तास, मग अंगण, मग बाजार, सगळ्यांत शेवटी सभागृह. रोज मोठ्यानं वाचा. मेंदूनं हे आवाज फार दिवसांत ऐकलेले नाहीत, त्याला ते पुन्हा ओळखायला आठवडे लागतील, काहींना महिने लागतात. यंत्र जुळवून घ्यायला दोनचार वेळा यावं लागेल. याच टप्प्यावर बरीच यंत्रं कपाटात जातात.

मला या टप्प्यावर एक जुना धडा नव्यानं समजला. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक असे वाचतात. पहिल्याच दिवसाच्या अध्यायात इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या चार पायऱ्या येतात. अवग्रह, म्हणजे काहीतरी आहे एवढं जाणवणं. ईहा, म्हणजे ते काय असावं हे जाणण्याची ओढ. अवाय, म्हणजे हे अमुकच असा निश्चय. आणि धारणा, म्हणजे ते मनात टिकणं. त्याच्याही अलीकडे व्यंजनावग्रह सांगितला आहे: आवाज कानाला लागलेला असतो, पण अजून प्रकट झालेला नसतो. डोळ्याला आणि मनाला ही पायरी नाही, कानाला आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत यावर कोऱ्या मातीच्या परळाचा दृष्टांत दिला. त्यावर पाण्याचे दोनतीन थेंब टाकले तर ते कुठे गेले कळत नाही. पुन्हा पुन्हा शिंपडत राहिलं की हळूहळू परळ ओलं होतं. पहिले थेंब वाया गेले असं वाटतं, पण ओल धरली ती त्यांच्याच जोरावर.

मी हा अध्याय किती वेळा वाचून दाखवला असेल! आधी ती पाठांतराची यादी होती. आता माझ्या ध्यानात आलं की माझे कान जायला लागले तेव्हा पहिली गेली ती ईहा. शब्द अर्धा पोचायचा, आणि उरलेला अर्धा शोधायचे कष्ट मी सोडून दिले होते. मान डोलावली की भागत होतं. यंत्र अवग्रहापर्यंतचं काम करून देतं. पुढच्या तीन पायऱ्या त्याच्या वॉरंटीत येत नाहीत. चारही पायऱ्या दुकानातून मिळतील या आशेवर जो जातो तो आठवड्यात निराश होतो, आणि यंत्राला नावं ठेवतो. ज्याच्यात ओढ आहे तो अर्ध्या शब्दावरूनही समोरच्याचं म्हणणं पकडतो. ओढ नसली तर तरणाताठा, चांगल्या कानाचा माणूससुद्धा बायकोचं बोलणं ऐकत नाही, हे कुठल्याही घरात जाऊन पाहावं.

दादांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मला घरातच मिळालं. डोळे आहेत, ग्रंथ वाचा. वाचतोच की. आमच्याच जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (1881–1915) बालपणीच अंध झाले. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्यांनी अफाट विद्या मिळवली आणि स्वतः ग्रंथ सांगून लिहवले. म्हणजे एका इंद्रियाचं काम दुसऱ्यानं होतं, हे कबूल. पण पोथी आणि माणूस यांत एक फरक आहे. पोथी मी ऐकली नाही म्हणून गप्प होत नाही. माणूस होतो.

आमच्या घरी तेच झालं होतं. पत्नीचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. “जेवता?” “गोळी घेतली?” “पोरगा आला.” कामापुरते तीन शब्द. शेजारच्या लग्नातली फजिती, भावाच्या घरचं गुपित, आठवड्याच्या बाजारातली एखाद्या बाईची नक्कल, हे सगळं बंद. तिला विचारलं तर म्हणाली, “एकदा सांगू, दोनदा सांगू. तिसऱ्यांदा वरडून सांगितलं त मंग हसू येते का कोनाले?” अगदी खरं होतं. गंमत तीनदा ओरडून सांगितली की ती तक्रारीसारखी वाटते. हळुवार गोष्ट तर ओरडून सांगताच येत नाही. मी ओसरीवर शांत बसलो होतो, आणि त्या शांततेची किंमत ती मोजत होती. गावानं विरक्तीचं श्रेय मात्र माझ्या खात्यावर जमा केलं होतं.

दिगंबर परंपरेत महावीरांची एक कथा आहे. वैशाख शुद्ध दशमीला त्यांना केवलज्ञान झालं. जाणायचं काही उरलं नाही. उपदेशसभेचं समवसरण रचलं गेलं, देव, माणसं, पशू येऊन बसले. आणि भगवंतांची वाणी निघेना. एक दिवस, दोन दिवस, असे 66 दिवस. ज्ञान पूर्ण होतं, सभा भरलेली होती. उणीव होती ती वाणी झेलू शकेल अशा एका श्रोत्याची, गणधराची म्हणजे पट्टशिष्याची. मग इंद्रानं इंद्रभूती गौतम या मोठ्या पंडिताला युक्तीनं तिथे आणलं. तो वाद घालायला आला होता. समवसरणापुढचा मानस्तंभ पाहिला आणि त्याचा गर्व गळाला. तेव्हा, आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य प्रतिपदेला, राजगृहाच्या विपुलाचलावर भगवंतांचा दिव्यध्वनी सुरू झाला.

ही कथा मी लहानपणापासून गौतमाचा मोठेपणा म्हणून ऐकत आलो. आता तिच्यात मला दुसरंही दिसतं. सर्वज्ञालासुद्धा बोलायला ऐकणारा लागला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईची काय कथा? ऐकणं ही ऐकणाऱ्याची मिळकत आहे असं आपण समजतो, आणि म्हणून म्हातारपणी ती सोडली तर त्याग केला असं वाटतं. पण तोंडातला घास, डोळ्यापुढचं दृश्य, नाकाला येणारा वास हे सगळं माझ्यापुरतं असतं. सोडलं तर माझंच जातं. कान मात्र बोलणाऱ्याच्या कामाचा असतो. तो बंद झाला की दुसऱ्याची वाणी अडते. जी वस्तू माझी एकट्याची नाही तिचा त्याग मी एकट्यानं कसा करायचा? दादांना मी हेच म्हटलं: श्रावकाला दान सांगितलं आहे; आपल्या वयात धन पोरांच्या हाती गेलेलं असतं, शरीर थकलेलं असतं, दान द्यायला उरतात ते कान.

डॉक्टर लोक आणखी एक कारण देतात. लॅन्सेट आयोगाच्या अहवालांत मध्यम वयातलं ऐकण्यातलं उणेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत धरलं आहे. 2023 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता अशा वृद्धांची बुद्धी यंत्र लावल्यानं तीन वर्षांत कमी वेगानं उतरली. बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही. ज्याला यामुळे पटेल त्यानं याच कारणानं लावावं. ते फायद्याचं कारण झालं. मला कर्तव्याचं हवं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जे जन्मापासून ऐकू शकत नाहीत, हातांच्या भाषेत बोलतात, त्यांना हा युक्तिवाद कमी लेखत नाही. आपल्या शास्त्रात श्रुतज्ञान अक्षरांवाचूनही होतं, खुणेनंही होतं. दोघं कर्णबधिर तरुण अमरावतीच्या बसस्टँडवर भरभर हातांनी बोलताना मी पाहिले आहेत. त्यांच्याइतकं एकमेकांकडे लक्ष दिलेली माणसं त्या गर्दीत दुसरी नव्हती. ते उत्तम ऐकणारे होते. आणि दिव्यध्वनीबद्दल सांगतात की तो ओठ न हलवता निघतो. तिथे माझ्यासारख्या ओठांकडे पाहून अंदाज बांधणाऱ्याची पंचाईतच झाली असती. ऐकण्याचं साधन कोणतंही असो, समोरच्याची वाणी आपल्यापाशी येऊन थांबू नये एवढंच.

सामायिकाच्या वेळी यंत्र काढावं का, यावरही आमच्यात चर्चा झाली. 48 मिनिटं समभावानं बसायचं असतं. दादा म्हणाले, तेव्हा तरी काढा, आयतं मौन मिळते. मी काढत नाही. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. एवढा मोठा समुदाय एका क्षणी थांबतो. ते मौन आहे, कारण प्रत्येकाला बोलता येत असतं आणि प्रत्येकाला बाकीच्यांचं गप्प होणं ऐकू येत असतं. यंत्राचं बटण बंद करून मिळते ती नुसती सोय. सामायिकात कुत्री भुंकतात, वरात जाते, कोणाचा मोबाइल वाजतो. त्यातच समता राखायची असते. रात्री झोपताना मात्र काढतो. कानालाही विश्रांती हवी आणि बॅटरीलाही.

दादांनी अजून यंत्र घेतलेलं नाही. तपासणीला मात्र एकदा येऊन गेले. निदान मळ तरी काढून घेतला. परवा स्वाध्याय संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला. “गुरुजी, खरं सांगा. मशीन लावल्यापासून राग वाढला का कमी झाला?”

मी खरं सांगितलं: वाढला. मुलगा फोनवर माझ्याबद्दल कोणत्या सुरात बोलतो ते आता कळतं. सुनेचं पुटपुटणं कळतं. वाचताना माझा उच्चार चुकला की मागची मंडळी काय कुजबुजतात तेही कळतं. दादांना वाटलं, बाजी त्यांनी मारली. मला तसं वाटत नाही. इतकी वर्षं कषाय कमी झाले असं जे मी समजत होतो, ते कमी झाले नव्हते; त्यांना चिडायला काही कारणच पोचत नव्हतं. आता रोज पोचतं. सुनेचं पुटपुटणं ऐकू येतं, राग येतो, तो गिळता येतो का ते पाहतो. काही दिवशी गिळता येतो, काही दिवशी नाही. हिशेब अजून तोट्यातच आहे, पण निदान तो आता खऱ्या आकड्यांवर चालला आहे.